दुसरा पंच

"मुलं किती?"

सेवा केंद्रातल्या सृष्टीनं कॉम्प्युटरवरची नजर न काढता विचारलं, आणि दीनाच्या तोंडून "एक" असं निघून गेलं. ठरवून म्हटलं नव्हतं. नाव विचारलं, नाव सांगितलं. वय विचारलं, वय सांगितलं. त्याच ओघात तेही गेलं. शेजारी बसलेल्या केशरबाईनं तिच्या मांडीला चिमटा काढला. "एक न्हाई गं पोरी, काई न्हाई. शून्य लिव्ह. हिचं लगीन तरी कुठं झालंय?" आता मात्र सृष्टीनं वर पाहिलं. दीनाच्या पांढऱ्या केसांकडं, कडक इस्त्रीच्या सुती साडीकडं पाहिलं, आणि मुलगी मुळात चांगली असावी, कारण ती हसली नाही. "आजी, नक्की काय टाकू? एकदा गेलं की मग बदलत नाही." मागे रांग चुळबुळत होती. कुणीतरी आधारकार्डानं वारा घेत होतं. दीना म्हणाली, "शून्य टाक." सृष्टीनं टाकलं. बटण दाबल्याचा आवाजसुद्धा आला नाही. पुढच्या सगळ्या प्रश्नांना दीनानं नीट उत्तरं दिली, पावती घडी घालून पर्समध्ये ठेवली, केशरबाईच्या मागोमाग पायऱ्या उतरली आणि खाली आल्यावर तिला कळलं, की आपल्याला रिक्षा कुठून पकडायची तेच आठवत नाहीये. सगळा जन्म नगरात गेलेला. समोर उड्डाणपूल, त्याच्या सावलीत उभ्या राहिलेल्या रिक्षा, आणि ही आपली बावचळून डावीकडं बघतेय, उजवीकडं बघतेय.

निराधारच्या पगाराचा अर्ज होता तो. ज्या बाईला कुणी नाही तिला सरकार महिन्याच्या महिन्याला थोडं देतं, आणि लोक त्याला पगार म्हणतात, जशी काही कुणी नसणं ही नोकरीच आहे. दीनानं आयुष्यभर नोकरी केली ती मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात, मेट्रन म्हणून. ती नोकरी अशी, की जेवणखाण, खोली, नाताळाला साडी आणि हातात वरखर्चापुरतं. बोर्डिंग बंद पडलं तेव्हा शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि पाळकसाहेबांनी फार सुंदर प्रार्थना केली. प्रार्थनेनं खोलीचं भाडं भागत नाही हे केशरबाईनं तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. केशरबाई शेजारच्या खोलीत राहायची, काष्टीकडची, तोंडानं फाटकी. आधी दीना नाही नाही म्हणत राहिली. आपल्याला कुणाचं फुकटचं नको. मग गुडघे गेले, शिवणाचं मशीन चालवता येईना, गोळ्या सुरू झाल्या, आणि एक दिवस तिनं केशरबाईला आपणहून विचारलं, की तो अर्ज कुठं करतात. विचारताना तिला वाटलं होतं, की लाज वाटण्याची हीच एक जागा असेल. पुढं आणखी आहे हे तेव्हा कुठं ठाऊक होतं.

रिक्षात केशरबाई बोलतच होती. "तू समदं घालवशील एक दिस. भाऊसाहेब घरी येनार हाईत चौकशीला, दोन पंचांच्या म्होरं ईचारनार हाईत, तुला कोन हाय का. कमवता पोरगा हाय म्हनलं की अर्ज बाद. तवा बी असंच तोंड उघडनार का?" भाऊसाहेब म्हणजे तलाठी. दीना म्हणाली, "चुकून गेलं तोंडातून." केशरबाईनं तिच्याकडं बघितलं, मग बाहेर बघितलं. बाहेर दिल्ली गेटची गर्दी, कुणीतरी भर रस्त्यात गाडी लावलेली, हॉर्न. जरा वेळानं ती हलक्या आवाजात म्हणाली, "माजी दोन हाईत. कागदावर हाईत, सातबाऱ्यावर हाईत. येका बी दिवाळीला आली न्हाईत. तुजं तर कागदावर बी न्हाई, आन् तुला हाय वाटतंय. लई नशीबवान हायेस बग." हे तिनं टोचून म्हटलं की खरंच म्हटलं, ते दीनाला कळलं नाही. कळून घ्यायचंही नव्हतं. ती मनात तो शब्द पुन्हा म्हणून बघत होती. एक. किती सरळ निघाला होता तो. पन्नास वेळा घोकून आला असता तरी इतका सरळ आला नसता.

जस्टिन तिच्याकडं आला तेव्हा धड बसतही नव्हता. त्याचा बाप यशया पाटोळे, पाथर्डीकडचा. तिकडची माणसं ऊस तोडायला निघाली, की शाळेतली मुलं बोर्डिंगात आणून सोडायची. कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्यात घेऊन जायची. वर्षानुवर्षांची रीत ती. दीनाच्या बोर्डिंगातल्या निम्म्या मुली अशाच. पण त्या मुली, आणि चालत्याबोलत्या. यशयानं आणलं ते धडुत्यात गुंडाळलेलं, मुलगा, आणि त्याची आई बाळंतपणातच गेलेली. "बाई, हंगामापुरतं ठिवा. फडात कोन बगील ह्याला? कोयत्याखाली यील." यशया आत आलाच नाही, दारातच उभा. दीनानं तेव्हा नियम सांगायला हवे होते. सुपरिंटेंडंट बाईंना विचारायला हवं होतं. तिनं हात पुढं केले. मूल गरम लागलं, अंगात ताप होता त्याच्या, आणि त्याला उसाच्या पाचटाचा वास येत होता. उन्हाळ्यात यशया आला. तोवर हा रांगत होता, आणि बापाला बघून भोकाड पसरून तिच्या पदराआड गेला. यशया हसला, चहा प्यायला. मग म्हणाला, "ह्या बारीला र्‍हाऊ द्या. म्होरल्या हंगामानंतर नेतो." आणि गेला तो गेला. कुणी म्हणालं कर्नाटकात दुसरा संसार केला, कुणी म्हणालं ट्रॅक्टर पलटी झाला त्यात गेला. दीनानं शोध घेतला नाही. घ्यायला हवा होता, सगळ्यांनी तसं म्हटलंही. पण खरं सांगायचं तर तिला तो सापडायला नको होता.

बाप्तिस्म्याच्या रविवारी चर्च भरलेलं होतं. बाकीची मुलं आईबापांच्या हातांत, नव्या टोप्या, लेस लावलेले झगे. पाळकसाहेबांनी जस्टिनचं नाव घेतलं आणि रिवाजाप्रमाणं विचारलं, "या बालकाला प्रभूपुढं कोण आणीत आहे?" बाकांवरून माना वळल्या. लग्न न झालेली बाई, कडेवर मूल, अख्खं चर्च बघतंय. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी." एवढा मोठा आवाज आपला आहे हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यानंतर किती दिवस तिला आपण उंच झाल्यासारखं वाटत होतं. स्वयंपाकघरात, भांडारात, मुलींच्या वेण्या घालताना, उगाचच.

आणि त्याच बाईनं त्याचा तो शब्द पुसला. चारेक वर्षांचा असेल. जेवणघरात मुलींच्या रांगा बसलेल्या, ताटांत आमटी-भाकरी, आणि हा दारातून धावत आला नि ओरडला, "आई, मला पण." मुलींचे हात ताटातच थांबले. त्यांच्या आया कुठं कुठं लांब फडावर होत्या, काहींच्या नव्हत्याच. त्या बघत होत्या त्याच्याकडं नाही, तिच्याकडं. त्यांच्यातली एक लहानगी, जामखेडकडची, तिनं ताट पुढं ढकललं आणि भिंतीकडं तोंड करून बसली. मेट्रनला आपलं मूल असून चालत नाही. कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण बोर्डिंग त्याच्यावरच चालतं; एकीची आई झालीस की बाकीच्या सगळ्या पोरक्या. दीनानं त्याला उचललं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई नाही रे. मावशी. सगळ्यांची मावशी." पोरगं हुशार. त्यानं लगेच म्हणून दाखवलं. "मावशी." मुली हसल्या, जेवायला लागल्या. त्या लहानगीनंही ताट ओढून घेतलं. आणि त्यानंतर जस्टिन कधी, झोपेत, तापात, पडून गुडघा फुटला तेव्हा, परीक्षेत पास झाला तेव्हा, एकदाही चुकला नाही. इतकं नीट शिकायची काय गरज होती, असं तिला पुढं खूपदा वाटायचं. बाकी गोष्टी सांगून सांगून ती दमायची. दात घास, देवाचं नाव घे, चप्पल उलटी टाकू नको. त्या कधी धड लक्षात राहिल्या नाहीत.

अर्ज करून आली त्या दुपारी तिनं त्याला फोन लावला. तो पुण्यात, चाकणच्या कंपनीत. फ्लॅटचे हप्ते, बायको प्रार्थनाची नोकरी, लहानगी जॉय. वाईट नव्हता हो मुलगा. नाताळाला यायचा, कधी गोळ्या पाठवायचा, जॉय फोनवर "नगरची आजी" म्हणायची. पण फोन दीनानंच करायचा, आणि करताना आधी दोनदा घड्याळ बघायचं. "मावशी, बोल. मीटिंगला जातोय, पण बोल." तिनं अर्जाचं सांगितलं. मग म्हणाली, "ते विचारतात, मुलं किती." "मग?" "मी शून्य सांगितलं." आणि ती थांबली. पलीकडं कसलंतरी यंत्र चालू होतं, माणसं बोलत होती, त्यातून त्याचा श्वास ऐकू येतोय का ते ती बघत राहिली. फार काही नको होतं तिला. "असं कसं सांगितलंस?" एवढं म्हणाला असता. रागावला असता तर सोन्याहून पिवळं. "बरोबर केलंस," जस्टिन म्हणाला. "माझं नाव तुझ्या रेशनकार्डावर वगैरे कुठं नाहीच ना? मग काही प्रॉब्लेम नाही. बरं झालं, तुला हक्काचं काहीतरी सुरू होईल." दीना म्हणाली, "हो. नाव कुठं नाही." मग तो म्हणाला, "चौकशी कधी आहे? शनिवारी? मग येतो मी. मला सुट्टीच आहे. तू एकटी गोंधळून जाशील, मी असलेलं बरं."

मी असलेलं बरं. फोन ठेवल्यावर ती हे वाक्य घेऊन बसली. आधीचं सगळं ती विसरली असं नाही, पण आधीचं मीटिंगच्या घाईतलं होतं, हे थांबून म्हटलेलं. कशाला येतोय तो? एका तलाठ्याच्या चौकशीसाठी पुण्याहून कोण येतं? माणसाला प्रत्यक्ष बघितल्यावर वेगळं सुचतं. समोर भाऊसाहेब बसलेले असतील, ते विचारतील, "तुमचं कोणी?" आणि हा इथं खुर्चीत बसलेला असेल. गप्प बसवेल का त्याच्यानं? शुक्रवारपर्यंत तिनं मनाशी सगळं ठरवून टाकलं. तो म्हणेल, "मी आहे." भाऊसाहेब म्हणतील, "मग अर्ज बाद करावा लागेल." तो म्हणेल, "करा." केशरबाई कपाळावर हात मारील. भाडं, गोळ्या, त्याचं काय ते पुढं बघू. अर्धी गोळी घेऊन दिवस काढता येतात, काढलेत. पगार गेला तर गेला. चार माणसांसमोर तो शब्द एकदा कानावर पडू दे, मग पुन्हा कधी काही मागणार नाही. आणि हे सगळं मनात चाललेलं असताना तिला स्वतःचंच हसू यायचं. साठी उलटलेली बाई, परीक्षेच्या निकालाची वाट बघितल्यासारखी शनिवारची वाट बघतेय. मग ती उठून उगाच खिडकी पुसायची.

शनिवारी सकाळी तिनं हुलग्याच्या शेंगोळ्या केल्या. त्याला आवडायच्या, बोर्डिंगात असताना तो पातेल्याला बोट लावून खायचा. जस्टिन वेळेत आला, तिच्यासाठी गुडघ्याला लावायचा पट्टा घेऊन आला. तो कसा बांधायचा ते त्यानं स्वतः दाखवलं, तिच्या पायाशी जमिनीवर बसून. त्याच्या टाळूवरचे केस विरळ झाले होते. तिला हात ठेवावासा वाटला, तिनं ठेवला. त्यानं वर बघितलं नाही, पट्टा घट्ट करत राहिला, आणि दीनाला वाटलं, झालं, आज होतंय. केशरबाई आली, दाराशी पाट घेऊन बसली. "तू कशापायी आलास रं बाबा?" तिनं जस्टिनला विचारलं, जरा धास्तीनंच. "मावशीला मदत," तो म्हणाला. केशरबाईनं दीनाकडं बघितलं. दीना शेंगोळ्यांवर झाकण ठेवत होती.

भाऊसाहेब मोटरसायकलवरून आले. साधा, घामाघूम माणूस, हेल्मेट मांडीवर ठेवून बसले, पाणी मागितलं, खोलीभर एकदा नजर फिरवली, एक कॉट, एक मशीन, घड्याळ, आणि म्हणाले, "मावशी, वाईट वाटून घेऊ नका, आम्हाला विचारावं लागतं. पंच कोण कोण?" केशरबाई म्हणाली, "म्या येक. दुसरा गिरणीवाला गोरक्ष." पण गोरक्षच्या सासुरवाडीला जामखेडला मयत झालेली, तो पहाटेच गेलेला, गिरणीला कुलूप. केशरबाई तोंडातल्या तोंडात पुटपुटली. गल्लीत दुसरं कोण, तर खालच्या मजल्यावरची कॉलेजची मुलं नुकतीच राहायला आलेली, ती ओळखत नाहीत. समोरचे लोक कामावर. भाऊसाहेबांनी मोबाईल बघितला. "मग अवघड आहे हो. दोन पंच लागतात. आज नाही झालं तर समितीच्या या वेळच्या बैठकीत अर्ज जाणार नाही, मग पुढं किती महिने लागतील सांगता येत नाही." मग त्यांची नजर कॉटवर बसलेल्या जस्टिनकडं गेली. "हे कोण?"

दीना उभी होती. ओट्याला हात टेकवून. केशरबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि खाली बघत राहिली. खोलीत घड्याळ चालत होतं, खाली कुणीतरी गाडीला किक मारत होतं, लागत नव्हती, पुन्हा मारत होतं. जस्टिन किंचित पुढं सरकून बसला. त्याचा चेहरा उजळला. हा चेहरा दीनाला पाठ होता. वर्गात उत्तर येत असलं, की तो असाच दिसायचा.

"मी झालो तर चालेल का पंच?" तो म्हणाला. "मी लहानपणापासून ओळखतो यांना."

भाऊसाहेबांना हायसं वाटलं. "राहायला कुठं?"

"आता पुण्यात. पण आधार अजून इथलंच आहे, बोर्डिंगच्या पत्त्यावर."

"मग काही हरकत नाही. फक्त नातेवाईक नको. नात्यातला माणूस पंच चालत नाही. नातं नाही ना काही?"

"नाही नाही," जस्टिन म्हणाला. "नातं काही नाही. या आमच्या मेट्रन. आम्ही बोर्डिंगची मुलं."

तो वाईट बोलला नाही. आवाजात माया होती, आदर होता. मेट्रन हा शब्द तर त्यानं अभिमानानं उच्चारला. म्हणूनच दीनाला कुठं धरावं ते कळेना. रागावायचं तरी कशावर? आपल्यासाठी तर करतोय. सुट्टीचा दिवस मोडून आलाय, आपल्याला महिन्याला काहीतरी मिळावं म्हणून धडपडतोय, आणि शब्दही खोटा नाही एकही. तिनंच शिकवलेलं आहे, भर जेवणघरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिच्या डोळ्यांपुढं एकदम त्या जामखेडच्या लहानगीची पाठ आली, भिंतीकडं वळलेली, वेणीची रिबन सुटलेली. काय नाव होतं तिचं? ते आठवलं की सगळं बरं होईल असं तिला वाटायला लागलं, आणि नाव काही केल्या आठवेना. भाऊसाहेब लिहीत होते. लिहून झालं तसं त्यांनी मोठ्यानं वाचलं, की सदर अर्जदार महिला अविवाहित असून तिला मूलबाळ नाही, तिचा सांभाळ करणारे कोणीही नाही, हे आम्ही पंच समक्ष पाहून सांगत आहोत. केशरबाईनं अंगठा दिला. पहिला ठसा फिसकटला, तो पुन्हा घ्यावा लागला. जस्टिननं खिशातून स्वतःचं पेन काढलं. सही केली, वळणदार, खाली पूर्ण नाव लिहिलं. जस्टिन यशया पाटोळे. अक्षर सुरेख होतं. त्याचा हात धरून ते तिनंच वळवलेलं.

"बघ केशरमावशी, झालं की नाही काम," तो हसून म्हणाला. केशरबाईनं त्याच्याकडं बघितलंच नाही. ती दीनाकडं बघत होती.

"आता शेवटचं," भाऊसाहेब म्हणाले. "मावशी, तुमचा तोंडी जबाब लागतो. मी विचारतो, तुम्ही तुमच्या तोंडानं सांगायचं, म्हणजे मी लिहितो. तुम्हाला कोण आहे?"

दीनाला वाटलं, जस्टिन अजून बोलेल. सही झाली म्हणून काय झालं, खोडता येते. भाऊसाहेब पेन टेकवून थांबले होते. जस्टिन थोडा पुढं झुकला, आपलं मूल स्टेजवर उभं राहिलं नि शब्द विसरलं की बाप झुकतो तसा, आणि ओठांनी, आवाज न करता, तिला उत्तर सांगू लागला. तिला दिसत होतं. नीट वाचता येत होतं.

"कोणी नाही," दीना म्हणाली.

जस्टिननं तिच्याकडं बघून बरोबर म्हणून मान हलवली.